संक्रांत, पाडवा, आषाढी, दसरा

हिरड्यांचा आजार दुखत नाही. माझ्या कामातली अर्धीअधिक अडचण एवढ्यातच आली. किडलेला दात माणसाला रात्री दोन वाजता उठवून बसवतो. लवंग दाबून ठेव, तुरटीच्या गुळण्या कर, मेडिकलमधून गोळी आण, सगळं करून झालं की सकाळी तो गाल धरून दवाखान्याच्या पायरीवर हजर असतो. हिरडीचं तसं नाही. ब्रश करताना बेसिनमध्ये लाल दिसतं, तोंडाला वास येतो, पेरू चावताना पुढचा दात जरासा डगडगतो. या तिन्हींची उत्तरं आपल्याकडे तयारच असतात : ब्रश कडक आहे, पोट साफ नाही, वय झालं.

सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझा दवाखाना आहे. बीडीएसनंतर मुंबईत तीन वर्षं हिरड्यांच्या विषयात एमडीएस केलं. तिथं आमच्या विभागात इतर विभागांनी पाठवलेले रुग्ण यायचे. रक्त येतंय म्हणून हिरडी दाखवायला माणसं आपण होऊन येत नाहीत, हे गावी आल्यावर उमगलं. येतात ती हलता दात घेऊन. "म्याडम, एवढा सिमेंट घालून घट्ट करा की." काढायचा म्हटलं की चेहरा पडतो आणि मग प्रश्न येतो, "किडला तर न्हाई न्हवं? मग काढायचा कशाला?"

प्रश्न रास्त आहे. दात पांढराशुभ्र, कुठं ठिपका नाही, आणि तरीही गेलेला. शेतकऱ्याला मी गोठ्यातल्या खुंट्याचा दाखला देते. खुंटा सागवानी असला तरी भोवतीची माती उकरून निघाली तर जनावर तो हिसक्यासरशी उपटतं. दाताची माती म्हणजे हिरडी, तिच्याखालचं हाड आणि हाडाला मुळाशी बांधणारे तंतू. या तंतूंच्या थराची जाडी मिलिमीटरच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढी असते. भाकरीचा प्रत्येक घास त्या थरावर तोलला जातो. हिरडीच्या काठाशी जंतूंचा चिकट थर साचत राहिला, की शरीर त्याच्याशी झगडायला लागतं, आणि त्या झगड्यात आपलंच हाड झिजतं. थर साफ झाला नाही तर लाळेतले क्षार त्यात उतरतात आणि त्याचं कीटण होतं. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते जास्त धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथंच उघडतात. कीटण ब्रशनं निघत नाही. चुलीच्या राखेनं, मिठानं किंवा मोठ्या जाहिरातीच्या पेस्टनंही निघत नाही.

हे सगळं घडायला किती वेळ लागतो, यावर आमच्या विषयाचा पाया उभा आहे. हाराल्ड लो या संशोधकानं डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथं केलेला प्रयोग १९६५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी हिरड्यांच्या १२ जणांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थी, त्यानं दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. ब्रश परत हातात आला, की साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. आजार जंतूंच्या थरानं होतो आणि या टप्प्यावर तो पुरता मागे फिरवता येतो, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रयोगानं सिद्ध केल्या. मागे फिरता येण्याची ही मुदत किती, हे मात्र बाहेरून दिसत नाही. सूज हिरडीतून खाली उतरून हाड झिजायला लागलं, की गेलेलं हाड बहुधा गेलेलंच राहतं.

दवाखाना सुरू केला तेव्हा पाटीवर माझ्या नावाखाली एकच शब्द होता, तोही इंग्रजी अक्षरांत : पेरिओडॉन्टिस्ट. एके दिवशी एक वहिनी कॉलेजात जाणाऱ्या मुलीला घेऊन आल्या. खुर्चीवर बस म्हटलं तर दोघी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, ते... पिरियडचं होतं." त्या एकट्या नव्हत्या. पुढं अशा आणखी बायका आल्या, आणि एक तर माझ्या पाटीचा फोटो मैत्रिणीला पाठवून तिचा सल्ला घेऊन आलेली.

चूक त्यांची नव्हतीच, दोन्ही शब्दांची सुरुवात खरोखरच एक आहे. ग्रीक भाषेतलं 'पेरी' म्हणजे सभोवती. परिसर, परिक्रमा यांतल्या आपल्या 'परि'चंच ते भावंड. पिरियडमध्ये त्याला 'होडोस' म्हणजे वाट जोडलेली आहे, म्हणजे फिरून त्याच जागी येणारी वाट. पाळी त्या वाटेवरची, ठरावीक काळानं निघणारं मासिक म्हणजे पिरिऑडिकल त्याच वाटेवरचं, आणि माझ्या भाच्याच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकातली पिरिऑडिक टेबलसुद्धा, कारण तीत मूलद्रव्यांचे गुण ठरावीक अंतरानं फिरून येतात. माझ्या पाटीवरच्या शब्दात 'पेरी'ला वाट नव्हे, दात जोडलेला. 'ओडोंट' हे आपल्या 'दंत' या शब्दाचंच नातलग. दाताच्या सभोवती जे आहे ते बघणारी, एवढाच त्याचा अर्थ. आता पाटीवर ठळक मराठीत 'हिरड्यांचे आजार' असं लिहिलेलं आहे.

पण त्या मुलीला मी परत पाठवलं नाही. विचारलं, पाळीच्या आधी हिरड्या सुजतात का? आई म्हणाली, "अगं, तूच म्हणत होतीस की चार दिवस ब्रश लावला की रक्त येतं." संप्रेरकांच्या चढउतारात काही मुलींच्या हिरड्या लाल, हुळहुळ्या होतात आणि पाळी सुरू झाली की आपोआप उतरतात. संप्रेरकं नवा आजार आणत नाहीत. काठाशी साचलेल्या जंतूंच्या थराला हिरडी त्या दिवसांत जास्त जोरानं उत्तर देते, इतकंच. गरोदरपणात हेच कितीतरी मोठ्या प्रमाणात होतं. कधीकधी दोन दातांमध्ये हिरडीचा लाल गोळा वाढतो आणि घरातली सगळी घाबरतात. तो कर्करोग नसतो, बाळंतपणानंतर पुष्कळदा आपोआप लहान होतो. आमच्या भागात गरोदर बाईला दाताच्या डॉक्टरकडे नेत नाहीत, आणि दात पडला की बाळानं आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतलं असं म्हणतात. बाळ आईच्या दातांतून काही घेत नाही. रक्त येतं म्हणून ब्रश बंद केलेला असतो, त्यानं आजार वाढतो. दाताची स्वच्छता गरोदरपणात करता येते आणि मधले तीन महिने त्याला सगळ्यांत सोयीचे, हे सांगताना मला प्रत्येक वेळी सुनेपेक्षा सासूला जास्त समजवावं लागतं.

माझं मुख्य हत्यार म्हणजे एक बोथट टोकाची सळई. तिला प्रोब म्हणतात. तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा असतात : १, २, ३, मग एकदम ५, मग ७, ८, ९, १०. ४ आणि ६ मुद्दामच वगळलेले असतात, म्हणजे तोंडाच्या अंधारात वाचताना गडबड होत नाही. दात आणि हिरडी यांच्या फटीत ती हलक्या हातानं उतरवायची आणि किती खोल जाते ते बघायचं. एका दाताला सहा जागा. अक्कलदाढा सोडून २८ दात धरले तर १६८ आकडे. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक; ४ किंवा त्याच्या पुढं खिसा तयार झाला म्हणायचं. मी आकडे मोठ्यानं म्हणते आणि मदतनीस लिहून घेते.

आकडे मोठ्यानं म्हणण्याची किंमत मला कळली ती साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी केलेल्या एका काकांमुळे. खुर्चीत आडवे पडून ते ऐकत होते : तीन, दोन, तीन... तीन, तीन, चार... मग उजवीकडच्या दाढांशी पोचल्यावर सहा, पाच, सात. काकांनी हात वर केला. "सात म्हंजे?" म्हटलं, सात मिलिमीटर खोल खिसा. ते उठूनच बसले. त्याआधी मी त्यांना सूज, जंतू, हाड सगळं सांगितलं होतं, ते त्यांनी कीर्तनासारखं ऐकून घेतलं होतं. आकड्यानं मात्र झोप उडाली. जाताना कागदाची प्रत मागून घेतली. वर हसत विचारलं, "म्याडम, काटा मारत न्हाई न्हवं?" आमच्या भागात हा प्रश्न फार जुना आणि फार कडवट आहे, आणि तो वजनकाट्यावरच्या माणसानं विचारावा!

खिसे साफ केल्यानंतर पुढच्या मोजणीला त्या सातचे चार झाले. सूज उतरते, हिरडी आवळून बसते, काही भाग मुळाला पुन्हा धरतो. काकांनी जुना कागद खिशातून काढून आकड्यावर आकडा जुळवून बघितला. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाला मी आकड्यांची प्रत देते. आजवर एकानं ती हरवली म्हणून नवी मागितली, इतकी जपतात माणसं.

सूज उतरली की हिरडी खाली सरकते आणि दात लांब दिसतात. दातांमध्ये फटी दिसतात. वर्षानुवर्षं कीटणानं दातांना एकमेकांशी जखडून ठेवलेलं असतं. ते काढलं की आधीपासून हलणारा दात आता हलतोय हे जाणवायला लागतं. 'क्लिनिंग केलं आणि दात सैल झाले' ही समजूत इथून आली आहे. ती अडाणीपणाची म्हणून हसण्यावारी नेणारे डॉक्टर मी पाहिलेत, मला ते पटत नाही. रुग्णानं जे पाहिलं ते खरंच पाहिलं. फक्त कार्य आणि कारण यांचा क्रम उलटा लावला. ही गोष्ट कीटण काढण्याआधी सांगितली तर समजावणी ठरते, नंतर सांगितली तर सबब.

मिश्रीबद्दल थोडं सांगायलाच हवं. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू, बोटानं हिरडीवर घासायची, सकाळ-संध्याकाळ. लावणाऱ्या बहुतेक बायका. 'लावल्याशिवाय पोट साफ होत नाही' हे कारण ठरलेलं. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली, पण ज्याची तयारी स्वयंपाकघरात होते त्याला बंदी कुठून लागणार? ज्या जागी मिश्री घासली जाते तिथली हिरडी उतरते, मूळ उघडं पडतं, आतल्या कातडीवर पांढरे चट्टे येतात, आणि त्यांवर लक्ष ठेवावं लागतं. आजींना मी 'सोडा' म्हणते, पण पहिल्याच दिवशी म्हणत नाही. पहिल्या दिवशी म्हटलं तर दुसरा दिवस येत नाही. बिडी-सिगरेटवाल्यांची गंमत वेगळीच. तंबाखूच्या धुरानं हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून त्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं. आजार जोरात असतो आणि सगळ्यांत ठळक खूण पुसलेली असते. "माझ्या हिरड्या एकदम टाइट" असं छाती ठोकून सांगणारा माणूस दिसला, की मी आधी त्याच्या बोटांचा पिवळेपणा बघते.

एकाच घरातले दोन भाऊ माझ्याकडे येतात. एकच चूल, एकच विहीर, दात घासण्याचा एकच कंटाळा. थोरला साठीचा, त्याचं हाड थोडंसं उतरलेलं. धाकटा पस्तिशीतला, त्याच्या पुढच्या दातांभोवतीचं अर्ध्याच्या आसपास हाड गेलेलं. धाकट्याला हा अन्याय वाटतो. त्याला मी श्रीलंकेतल्या मळ्यांची गोष्ट सांगितली. तिथल्या ४८० चहामळा कामगारांच्या तोंडांची तपासणी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं केली गेली. यामागंही तोच हाराल्ड लो होता. ही माणसं ब्रश वापरत नव्हती, दंतवैद्य त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता. तरी त्यांच्यात ११ टक्के असे निघाले, की ज्यांच्यात आजार हिरडीच्या खाली उतरलाच नाही. ८१ टक्क्यांमध्ये तो मध्यम गतीनं वाढला, आणि ८ टक्क्यांचे दात झपाट्यानं गेले. घाण तीच, शरीराचं उत्तर वेगळं. धाकटा म्हणाला, "म्हणजे मी आठ टक्क्यांतला." त्यावर मी त्याची साखर तपासायला लावली. उपाशीपोटीची २००च्या वर निघाली. त्याला मधुमेह असल्याचं घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

२०१७ साली शिकागोत जगभरातल्या हिरडीतज्ज्ञांची परिषद भरली आणि पुढच्या वर्षी आजाराचं नवं वर्गीकरण आलं. त्यात 'किती' याच्या जोडीला 'किती वेगानं' याला स्थान मिळालं, हे मला फार मोलाचं वाटतं. साधा हिशेब असा : एक्स-रेवर किती टक्के हाड गेलंय, त्याला वयानं भागायचं. साठ वर्षांच्या माणसाचं ३० टक्के हाड गेलं असेल तर उत्तर अर्धं, म्हणजे मध्यम गती. पस्तिशीतल्या माणसाचं ५० टक्के गेलं असेल तर उत्तर एकच्या पुढं, म्हणजे वेगवान. शिवाय दिवसाला दहा किंवा जास्त सिगरेटी असतील, किंवा मधुमेह असून एचबीएवनसी या साखरेच्या तपासणीचा आकडा ७ किंवा त्याच्या वर असेल, तरी वर्ग वेगवान. 'वय झालं' या आपल्या आवडत्या उत्तराला इथं परस्पर निकाल मिळतो. वयानं भागूनच तर आकडा काढलाय.

आता शीर्षकातल्या सणांकडे येते. खिसे साफ केले म्हणजे आजार बरा झाला असं होत नाही. हिरडीखालची जंतूंची वस्ती मोडून काढली तरी साधारण ९ ते १२ आठवड्यांत ती पुन्हा उभी राहायला लागते. म्हणून ज्यांना एकदा हा आजार झाला, त्यांना दर तीन महिन्यांनी बोलावून मोजायचं आणि साफ करायचं, असा प्रघात आहे. सगळ्यांना सरसकट 'सहा महिन्यांनी या' म्हणण्याला फारसा आधार नाही. ब्रिटनमध्ये चार वर्षं चाललेल्या एका चाचणीत, ज्यांना धोका कमी होता त्यांच्यात सहा महिन्यांनी येणारे आणि दोन वर्षांनी येणारे यांच्या हिरड्यांत फरक सापडला नाही. मुदत माणसाच्या धोक्यावर ठरते, आणि माझ्याकडे येणाऱ्यांचा धोका सिद्धच झालेला असतो.

तीन महिने, ही मुदत गावात कुणाच्या लक्षात राहत नाही. कार्डावर तारीख लिहून दिली तर कार्ड देव्हाऱ्यामागं जातं. फोन केला तर "व्हय, येतो," आणि येत नाहीत. दुखत नाही ना! माणसाला आठवण करून देणारी कळ या आजारात नाही, म्हणून कळेच्या जागी दुसरं काहीतरी लागतं. एका आजींना मी सवयीनं म्हटलं, "१५ एप्रिलला या." त्या म्हणाल्या, "तारीख नगं, सण सांग." म्हटलं, बरं, पाडवा झाला की या. त्या पाडव्याच्या तिसऱ्या दिवशी आल्या, गाठीचा तुकडा घेऊन.

मग मी कॅलेंडर समोर ठेवलं. संक्रांत जानेवारीच्या मध्यावर. तिथून अडीच-तीन महिन्यांनी पाडवा. पाडव्यापासून तीन महिन्यांनी आषाढी एकादशी. आषाढीपासून तीन महिन्यांनी दसरा, आणि दसऱ्यापासून तीन महिन्यांनी पुन्हा संक्रांत. आमच्या विषयाच्या पुस्तकांनी जी मुदत सांगितली, ती आपल्या पंचांगात आयती मांडून ठेवलेली होती. तेव्हापासून दवाखान्याच्या कार्डावर तारखेचा रकाना नाही. चार सणांचे चार चौकोन आहेत आणि प्रत्येक चौकोनात त्या वेळचे आकडे. वारीला जाणारे म्हणतात, "माउली करून आलो, आता तुमच्याकडं." दसऱ्याला दुकानाची साफसफाई काढतात तशी तोंडाचीही काढतात. मुस्लिम घरांतून येणाऱ्यांना ही युक्ती त्यांच्या सणांनी लागू पडत नाही, कारण ईद दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकते. पण गावातला माणूस संक्रांत-दसरा जाणतोच, त्यांनीही हेच चौकोन बिनतक्रार घेतले.

युक्तीला एक खोट आहे : अधिक महिना. २०२३ साली आषाढी २९ जूनला होती. मध्ये अधिक श्रावण आला आणि दसरा गेला २४ ऑक्टोबरवर. चार महिन्यांना पाच दिवस कमी. ज्यांचा आजार वेगवान वर्गातला, त्यांना एवढी ढील परवडत नाही. त्या वर्षी आम्ही यादी काढून फोन केले आणि 'दसरा नको, गणपतीच्या आत या' असं कळवलं. २०२६च्या पंचांगात अधिक ज्येष्ठ असल्यामुळे हीच फट पाडवा आणि आषाढी यांच्यामध्ये पडते. तेव्हा आता मी दरवर्षी पंचांग विकत घेते, आणि घेताना दुकानदार विचारतो, "मॅडम, मुहूर्त बघता का काय इंजेक्शनाचा?"

मधुमेहाच्या रुग्णांना या चौकोनांचा दुहेरी उपयोग झाला. एचबीएवनसी ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, कारण रक्तातल्या लाल पेशी सुमारे १२० दिवस जगतात आणि साखर त्यांना चिकटते. म्हणजे तिचीही मुदत तीच. हिरड्या खराब असल्या की साखर आटोक्यात येत नाही आणि साखर आटोक्यात नसली की हिरड्या सुधारत नाहीत. हिरड्यांवर नीट उपचार झाले तर एचबीएवनसी काही दशांशांनी खाली येतो, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. गावातल्या फिजिशियनशी बोलून आम्ही ठरवलं, सणाच्या चौकोनात माझा आकडा आणि त्यांचा आकडा दोन्ही लिहायचे. धाकट्या भावाच्या कार्डावर एका चौकोनातून दुसऱ्या चौकोनात दोन्ही आकडे उतरत गेलेले आहेत. त्याच्या पुढच्या चार दातांपैकी एकही अजून गेलेला नाही. ते कायमचे टिकतील असं आश्वासन मी त्याला दिलेलं नाही.

असं नियमित येत राहून काय साधतं? स्वीडनमधल्या कार्लस्टाडला पेर अॅक्सेल्सन यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला एक अभ्यास सुरू केला. लोकांना घरी दात स्वच्छ ठेवायला नीट शिकवायचं आणि ठरावीक मुदतीनं बोलावत राहायचं. ३० वर्षांनी हिशेब केला तेव्हा वयोगटानुसार माणशी सरासरी ०.४ ते १.८ दात गेलेले होते. तीस वर्षांत. श्रीलंकेचे मळे आणि कार्लस्टाड ही आमच्या विषयाची दोन टोकं आहेत. त्यांच्यामधला फरक महागड्या यंत्रांचा नाही. येत राहण्याचा आणि घरी ब्रश नीट फिरवण्याचा आहे.

माझ्या चार चौकोनांत न मावणारी माणसंही आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडून, जतकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात, आणि पाडव्याच्या आगेमागे कारखाना बंद झाला की परत जातात. त्यांच्यातली बाई येते ती हिरडीला गळू झालेली, तोंड सुजलेली, सोबत मुकादमाचा माणूस. खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून तिला आजच्या आज मोकळं व्हायचं असतं. "काढून टाका." वाचवता येण्यासारखा दात असतो, आणि मी काढते. संक्रांतीला ती फडात असते, आषाढीला तिच्या गावी. तिच्या गावापासून हिरड्यांचा डॉक्टर किती लांब आहे, ते तिलाच ठाऊक. तिला मी आकड्यांचा कागद देते, ब्रश देते, दोन दातांमध्ये फिरवायचा छोटा ब्रश कसा वापरायचा ते दाखवते. याहून जास्त माझ्या हातात नाही, आणि एखाद्या दवाखान्यानं सुटावा असा हा प्रश्नही नाही.

शहरांत उलटी अडचण वाढते आहे. तिथं दात वाचवण्याच्या नादी न लागता काढून इम्प्लांट बसवायचा सल्ला फार लवकर मिळतो. इम्प्लांट मीही बसवते, ते चांगलं साधन आहे. पण ज्या तोंडात हिरड्यांच्या आजारानं दात गेला, त्याच तोंडात ते बसतं. त्याच्याभोवतीही तेच जंतू जमतात आणि तिथलंही हाड झिजतं. किडत नाही म्हणून टायटॅनियमचा दात निर्धास्त, हा गैरसमज लाखभर रुपयांना पडलेला मी पाहिला आहे. खिसे न मोजता इम्प्लांटचा दर सांगणाऱ्याकडून उठून यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा पुढच्या वेळी दाताच्या डॉक्टरकडे जाल, मग ते कीड भरायला असो की कवळी बसवायला, तर एवढं मागा : हिरड्या प्रोबनं मोजा आणि आकडे मला लिहून द्या. त्याला फार तर दहा-पंधरा मिनिटं लागतात. चार किंवा त्याहून मोठा आकडा असेल तर पुन्हा कधी यायचं ते विचारा, आणि तारीख लक्षात राहणार नसेल तर सण विचारा.